‘कट’ म्हणजे नुसतं कापणं नव्हे: सोंगणीपासून कपातीपर्यंत

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवी-नववीच्या मुलांना ‘कट’ या इंग्रजी क्रियापदाचे समानार्थी शब्द दिले. चॉप, स्लाइस, ट्रिम, प्रून, रीप, स्लॅश, सेव्हर ही यादी त्यांनी पाठही केली. पण वाक्य करायला सांगितलं की कुणी झाड ‘स्लाइस’ करतं, कुणी सोयाबीन ‘चॉप’ करतं, तर कुणी फुलं ‘ब्रेक’ करतं. मग यादीत खोट आहे की शिकवण्यात?

यादी बरोबर आहे. यादीतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालतो असं मुलं धरून बसतात, तिथं घोळ होतो. समानार्थी शब्द म्हणजे शेजारच्या अर्थाचा शब्द. शेजारी असला तरी प्रत्येकाचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, वेगळा. आणि हे मुलांना नवं नाही. आपल्याकडे कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, धान कापतात, संत्रा तोडतात, हरभऱ्याचा शेंडा खुडतात, भाजी चिरतात, केस कापतात, सुपारी कातरतात. ‘कापूस सोंगला’ असं कुणी म्हटलं तर पाचवीतलं पोरगंही हसेल. शब्द निवडायची नजर त्यांच्याकडे आहेच, ती इंग्रजीकडे वळवायची आहे. त्यासाठी यादी बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारायची सवय लावा: कशानं कापलं? हात कसा चालला? कापल्यावर काय उरलं, आणि ते कशासाठी?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘कट’चा गाभा म्हणजे धार. विळा, चाकू, कात्री, करवत, काचेची कड, पत्र्याची कड, अगदी कागदाची कडसुद्धा चालेल, पण धार हवी. धार नसेल तर शब्द बदलतो. ओढून, वाकवून, आपटून दोन तुकडे झाले तर ‘ब्रेक’. कापड किंवा कागद हातानं ओढून फाटला तर ‘टेअर’. फूल किंवा फळ झाडावरून काढलं तर ‘पिक’ किंवा ‘प्लक’.

मराठी मुलं इथेच का अडखळतात? कारण फाडणं सोडलं तर आपलं ‘तोडणे’ या सगळ्या ठिकाणी चालतं. झाड तोडलं, दोर तोडला, फुलं तोडली, नातं तोडलं. मुलांनी एकदा ‘तोडणे म्हणजे ब्रेक’ असं लिहून घेतलं की ‘ही ब्रोक द ट्री’ आणि ‘डोन्ट ब्रेक द फ्लॉवर्स’ ही वाक्यं ठरलेलीच. कुऱ्हाडीनं झाड तोडलं तर ‘ही कट डाउन द ट्री’. वादळानं फांदी मोडली तर ‘द स्टॉर्म ब्रोक द ब्रँच’. फुलं तोडू नका, तर ‘डोन्ट पिक द फ्लॉवर्स’. हातानं हिसका देऊन दोर तोडला तर ‘ब्रोक’, विळ्यानं तोडला तर ‘कट’. वहीत ‘तोडणे’ या शब्दापुढं एकच इंग्रजी शब्द लिहू देऊ नका. चार ओळी सोडा आणि प्रत्येक ओळीत एक अख्खं वाक्य लिहायला लावा.

दुसरी चूक व्याकरणाची आहे आणि ती पदवीपर्यंत टिकते. मराठीत आपण म्हणतो, ‘माझं बोट कापलं’. बोट हा कर्ता, आणि कापलं गेलं ते आपसूक. मुलं तसंच्या तसं लिहितात: ‘माय फिंगर कट’. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे म्हणावं लागतं, ‘आय कट माय फिंगर’. मुलांना हे वाक्य विचित्र वाटतं, कारण मराठीत ‘मी माझं बोट कापलं’ म्हणजे मुद्दाम कापल्यासारखं होतं. इंग्रजीत तसा अर्थ निघत नाही; नकळत कापलं तरी ‘आय कट माय फिंगर’च. ‘आय ब्रोक माय लेग’चंही तसंच आहे. पाय मोडून घ्यायला कुणी जात नाही, पण वाक्य तेच.

यामागचं कारण मोठ्या मुलांना जरूर सांगा, त्यांना ते आवडतं. मराठीत बऱ्याच क्रियापदांच्या जोड्या आहेत: तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, फाडणे-फाटणे. एक करणाऱ्याचं, दुसरं आपोआप होण्याचं. ‘कापणे’ला मात्र अशी जोडी नाही, एकच रूप दोन्हीकडे चालतं: ‘मी कागद कापला’ आणि ‘बोट कापलं’. इंग्रजीत नेमकं उलट आहे. तिथे ‘ब्रेक’ दोन्हीकडे चालतं, म्हणजे ‘आय ब्रोक द कप’ आणि ‘द कप ब्रोक’. पण ‘कट’ तसं चालत नाही, कारण धारेनं कापायचं तर धार चालवणारं कुणीतरी किंवा काहीतरी लागतंच. म्हणून ‘द रोप ब्रोक’ बरोबर आणि ‘द रोप कट’ चूक. कापणारा सांगायचा नसेल तर ‘द रोप वॉज कट’.

याला एक अपवाद आहे. वस्तूचा गुण सांगायचा असेल तर ‘धिस क्लॉथ कट्स ईझिली’, म्हणजे हे कापड सहज कापलं जातं. हत्याराबद्दलही बोलता येतं: ‘धिस सिकल डझन्ट कट’, म्हणजे या विळ्याला धार नाही. अशा वाक्यात बहुतेक वेळा ‘ईझिली’, ‘वेल’ किंवा नकार असतो. तो दिसला की मुलांना खूण पटते.

रूपांबद्दल दोनच गोष्टी. ‘कट’ची तिन्ही रूपं सारखी: कट, कट, कट. ‘पुट’, ‘शट’, ‘हिट’, ‘हर्ट’ याच पंगतीतले. ‘कटेड’ असा शब्द नाही. यामुळे ‘दे कट द ग्रास’ हे वाक्य आजचं की कालचं हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. ‘यस्टरडे’ किंवा ‘एव्हरी डे’ पाहावं लागतं. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असला तर मात्र लगेच कळतं: ‘ही कट्स’ आजचं, ‘ही कट’ कालचं. परीक्षेत रिकाम्या जागेला गुण याच बारकाव्यावर जातात. आणि ‘कटिंग’ लिहिताना टी दोनदा.

आता वावरात या. मुलांना शब्द इथेच सगळ्यात लवकर लागतात.

सोयाबीनची सोंगणी आणि ‘हार्वेस्ट’ हे एकच नव्हेत. ‘हार्वेस्ट’मध्ये पीक घरात येईपर्यंतचं सगळं काम येऊ शकतं. समजा सोयाबीन सोंगून झालं, वावरात गंजी लावून ठेवली आणि मळणी व्हायची आहे. तेव्हा अचूक वाक्य असं: ‘वुई हॅव कट द सोयाबीन, बट वुई हॅवन्ट थ्रेश्ड इट येट’. इथे साधं ‘कट’च नेमकं बसतं, भारदस्त शब्दाची गरज नाही. ‘रीप’ म्हणजे उभं धान्याचं पीक विळ्यानं किंवा यंत्रानं कापणं. भंडारा-गोंदियाकडची धानाची कापणी याला चांगलं उदाहरण. पण रोजच्या बोलण्यात ‘रीप’ आता कमी ऐकू येतो. तो जास्त भेटतो तो फळ मिळण्याच्या अर्थानं, ‘रीप द बेनिफिट्स’ अशा वाक्यात. ‘ॲज यू सो, सो शॅल यू रीप’ म्हणजे आपलं ‘पेरावं तसं उगवतं’. कापणी, मळणी आणि धान्य साफ करणं ही तिन्ही कामं एकत्र करणारं यंत्र म्हणून त्याचं नाव ‘कंबाइन हार्वेस्टर’. ‘कंबाइन’ म्हणजे एकत्र करणं.

कापसाला ‘कट’ अजिबात लावू नका. वेचणी म्हणजे ‘पिकिंग’. ‘दे आर कटिंग कॉटन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की उभी झाडंच कापत आहेत. वेचण्या संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटली तर ‘पुल आउट’ किंवा ‘अपरूट’, विळ्या-कुऱ्हाडीनं कापली तर ‘कट द स्टॉक्स’.

हरभऱ्याचा किंवा तुरीचा शेंडा खुडणं म्हणजे ‘निप’ किंवा ‘पिंच ऑफ’. चिमटीनं, थोडासाच, आणि झाडाला बाजूच्या फांद्या फुटाव्यात म्हणून. ‘निप इन द बड’ हा वाक्प्रचार इथूनच समजावून द्या. कळी असतानाच खुडलं की पुढं वाढतच नाही, म्हणजे गोष्ट वेळीच थांबवणं. मात्र हेही सांगा की शेतातली खुडणी झाड वाढावं म्हणून असते आणि वाक्प्रचारातली खुडणी वाढूच नये म्हणून. क्रिया एक, हेतू उलटा.

संत्र्याच्या बागेत तीन वेगळे शब्द लागतात. फळं तोडणं म्हणजे ‘पिक’. तेच फळ ओढून न काढता कात्रीनं, देठाचा बारीक तुकडा ठेवून कापलं तर ‘क्लिप’. ओढल्यावर देठाजवळची साल फाटते आणि फळ तिथूनच सडायला लागतं, हे बागवाल्या घरातल्या मुलांना माहीत असतं. आणि सल काढणं, म्हणजे वाळलेल्या काड्या थोडा हिरवा भाग घेऊन कापून टाकणं, हे ‘प्रून’. ‘प्रून’ नेहमी झाडाच्या भल्यासाठी असतं. ‘ट्रिम’ म्हणजे कडा सारख्या करणं: मेंदीचं कुंपण, मिशी, वाढलेल्या बटा. ट्रिम केल्यावर वस्तू नीटनेटकी दिसते, प्रून केल्यावर झाड चांगलं वाढतं. या दोघांत मुलं सर्रास गोंधळतात.

धुऱ्यावरच्या बाभळीच्या मोठ्या फांद्या छाटल्या तर ‘लॉप’. अख्खी बाभूळ आडवी केली तर ‘कट डाउन’ किंवा ‘फेल’. या ‘फेल’पाशी थांबा. ‘फॉल’ म्हणजे पडणे, त्याचा भूतकाळ ‘फेल’. पण ‘फेल’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे, त्याचा अर्थ पाडणे आणि त्याचा भूतकाळ ‘फेल्ड’. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलं. ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडलं. पडणे-पाडणे ही जोडी मराठीत आहेच, तिच्या शेजारी लिहून दिली की डोक्यात बसते. (परीक्षेत नापास होणं ते ‘फेल’ यांच्यापेक्षा वेगळं, त्याचा उच्चारही लांब आणि स्पेलिंगही निराळं.)

गवत कापण्याला ‘मो’ म्हणतात, पण त्यात मोकळी जागा, हिरवळ किंवा कुरण सपाट कापणं अभिप्रेत असतं. बैलासाठी धुऱ्यावरून भारा कापून आणला तर साधं ‘कट सम ग्रास’ म्हणा. कडब्याची कुट्टी करणं म्हणजे ‘चॉप द फॉडर’, आणि कुट्टीचं यंत्र म्हणजे ‘चाफ कटर’. तेंदूपत्ता तोडणं म्हणजे ‘प्लक’, मोहफुलं वेचणं म्हणजे ‘गॅदर’. या दोन्ही कामांना धार लागत नाही, म्हणून ‘कट’ नाही.

एक सरकारी शब्दही सांगून ठेवते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या निमित्तानं ‘क्रॉप कटिंग एक्सपेरिमेंट’ हा शब्द गावोगाव पोचला. ठरावीक मापाच्या तुकड्यातलं पीक काढून, वजन करून त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा, हा पीक कापणी प्रयोग. इथे ‘कटिंग’ हा ठरलेल्या नावाचा भाग आहे. कापसाचा प्रयोग असला तरी नाव तेच राहतं. नाव आणि वाक्य यांत गल्लत होऊ देऊ नका.

स्वयंपाकघरात दुसरा आणि तिसरा प्रश्न जास्त कामाला येतो: हात कसा चालला आणि उरलं काय. वरून खाली टकटक करत लहान, ओबडधोबड तुकडे केले तर ‘चॉप’. झुणक्याचा कांदा चॉप होतो. सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, ‘चॉप फाइनली’. पातळ, सपाट चकत्या केल्या तर ‘स्लाइस’: काकडी, टमाटर, ब्रेड. सारखे चौकोनी तुकडे केले तर ‘डाइस’. तो शब्द फाशाचाच आहे, म्हणून फाशाच्या आकाराचे तुकडे असं सांगा. कोबी लांब, बारीक चिरला तर ‘श्रेड’. खिमा केला तर ‘मिन्स’. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवतात त्याला इंग्रजीत नेमका एक शब्द नाही. ‘चॉप व्हेरी फाइनली’ म्हणून भागवा आणि मुलांना सांगा की इथे आपली भाषा पुढं आहे.

भरल्या वांग्याला ‘कट’ लिहिलं तर पाककृती बिघडते, कारण वाचणारा वांग्याचे तुकडे करून मोकळा होईल. देठ शाबूत ठेवून आपण चिरा देतो, त्याला ‘स्लिट’ म्हणतात: लांब, अरुंद चीर, पण तुकडे वेगळे नाहीत. वरवर रेघा मारल्या तर ‘स्कोअर’. खेळातला स्कोअर तोच शब्द आहे. लाकडावर खाचा पाडून मोजदाद ठेवायची पद्धत होती, त्यातून तो आला. सोलणं ‘पील’ आणि किसणं ‘ग्रेट’ यांना ‘कट’च्या यादीत घुसवू नका.

लाकडाचं काम थोडक्यात: कुऱ्हाडीनं घाव घालणं ‘चॉप’, करवतीनं कापणं ‘सॉ’, रेषेच्या दिशेनं सरपण फोडणं ‘स्प्लिट’, कोरून आकार देणं ‘कार्व्ह’. कापड बेतून कापणं ‘कट आउट’, कात्रीनं छोटासा काप देणं ‘स्निप’. मेंढीची लोकर कातरणं ‘शिअर’. जखमेबद्दल: दाढी करताना लागलेलं बारीक ‘निक’, खोल आणि लांब ‘गॅश’, नुसतं खरचटलं तर ‘ग्रेझ’. ‘सेव्हर’ म्हणजे पूर्ण तोडून वेगळं करणं. शब्द गंभीर आहे, हात यंत्रात सापडून तुटला किंवा संबंध कायमचे तोडले अशा ठिकाणी शोभतो. कांदा कुणी सेव्हर करत नाही.

आता ‘कट’चा दुसरा मोठा अर्थ: कमी करणं. भाव, पगार, खर्च, वेळ, वीज यांच्याशी तो येतो आणि मराठीत त्याला ‘कपात’ हा बरोबर शब्द आहे. इथे समानार्थी शब्दांत प्रमाणाचा फरक असतो. ‘ट्रिम’ म्हणजे थोडीशी कपात, ‘स्लॅश’ म्हणजे एकदम मोठी, ‘रिड्यूस’ आणि ‘लोअर’ तटस्थ, ‘कर्टेल’ म्हणजे मर्यादा घालून आखडतं घेणं. शंभराचे अठ्ठ्याण्णव केले तर ‘स्लॅश’ लिहू नये. बाजार समितीत ओल किंवा कचरा दाखवून वजनात जी कटती करतात ती मात्र ‘डिडक्शन’. ती कपात नव्हे, वजावट आहे.

या अर्थात छोट्या शब्दांना जपा. ‘कट बाय फिफ्टी रुपीज’ म्हणजे पन्नास रुपयांनी कमी केलं. ‘कट टू फिफ्टी रुपीज’ म्हणजे पन्नास रुपयांवर आणलं. दोनशेची वस्तू पहिल्या वाक्यात दीडशेला मिळते, दुसऱ्यात पन्नासला. मराठीतलं ‘-नी’ आणि ‘-वर’ शेजारी ठेवून शिकवा, एका तासात पक्कं होतं. नाम म्हणून वापरताना ‘अ कट इन द प्राइस’, म्हणजे ‘इन’. चाकूनं कापलं तर ‘विथ अ नाइफ’. तुकडे केले तर ‘इनटू पीसेस’. बरोबर दोन केले तर ‘इन हाफ’.

पुढं छोटा शब्द जोडला की अर्थ कसा वळतो, हे सगळं पाठ करून घेऊ नका. पाच-सहा पुरेत. ‘कट डाउन’ झाडाला लावलं तर तोडणे. पण ‘कट डाउन ऑन शुगर’ म्हणजे साखर कमी करणे, आणि इथे ‘ऑन’ विसरला की वाक्य लंगडं. ‘कट ऑफ’ म्हणजे तोडून वेगळं करणे. वीजजोडणी तोडली तरी तेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते, तिथे ‘भामरागड वॉज कट ऑफ’. ‘कट आउट’ म्हणजे कापून काढणे, जसं वर्तमानपत्रातलं कात्रण. आणि चालता चालता विहिरीवरची मोटर आपोआप बंद पडली तर ‘द मोटर कट आउट’. हे वाक्य आधीच्या नियमाला सोडून आहे, कारण इथं ‘कट’चा अर्थ कापणं नसून बंद पडणं आहे. ‘कट इन’ म्हणजे कुणी बोलत असताना मध्येच तोंड घालणं, किंवा गाडीसमोर गाडी घालणं. आपली पोरं ज्याला ‘कट मारला’ म्हणतात त्यातलं बरंचसं हेच. ‘कट अक्रॉस’ म्हणजे रस्ता सोडून मधातून जाणं. पांदणीनं, म्हणजे गाडीवाटेनं, फेरा न घेता वावरातून शाळा गाठणाऱ्या मुलांना हा शब्द एका झटक्यात कळतो.

एक नियम न चुकता घ्या. ‘कट ऑफ’, ‘कट आउट’ आणि तोडण्याच्या अर्थाचं ‘कट डाउन’ यांच्याबरोबर ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं असली की ती मधे बसतात: ‘कट इट ऑफ’, ‘कट देम डाउन’. ‘कट ऑफ इट’ चूक. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात.

म्हणींपैकी ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ’ द्या, कारण तिची जोडी तयार आहे: अंथरूण पाहून पाय पसरावे. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे वेळ किंवा पैसा वाचवायला कामात कसर ठेवणं. पुलाच्या बांधकामात सिमेंट कमी घातलं तर हा शब्द. ‘शॉर्टकट’शी त्याची गल्लत होते, शॉर्टकट म्हणजे आडवाट किंवा सोपी रीत, ती वाईटच असेल असं नाही.

आता उलट दिशेचे सापळे. मराठीत ‘कट’ किंवा ‘कापणे’ आहे, पण इंग्रजीत ‘कट’ चालत नाही, अशी ही ठिकाणं. खात्यातून पैसे कट झाले: ‘डिडक्टेड’ किंवा ‘डेबिटेड’. समोरच्यानं फोन कट केला: ‘ही हंग अप’, आपोआप तुटला तर ‘वुई गॉट कट ऑफ’. लाईट कट झाली: ‘द पॉवर वेंट आउट’, मात्र नाम म्हणून ‘पॉवर कट’ बरोबर. खिसा कापला: ‘माय पॉकेट वॉज पिक्ड’. दहा किलोमीटर अंतर कापलं: ‘कव्हर्ड’. यादीतून नाव कापलं: ‘स्ट्रक ऑफ’. पावती फाडली: ‘इश्यूड अ रिसीट’, इथे ना ‘कट’ ना ‘टेअर’. केसानं गळा कापला: ‘बिट्रेड’. थंडीनं अंग कापतं: ‘शिव्हर’, हे ‘कापणे’ तर कंप या शब्दातलं, धारेशी त्याचा संबंधच नाही.

‘कटिंग’चं वेगळं सांगायला हवं. आपण ‘कटिंग करून आलो’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘आय गॉट अ हेअरकट’ किंवा ‘आय हॅड माय हेअर कट’. या दुसऱ्या वाक्यात ‘कापून घेतले’चा ‘घेतले’ आहे, म्हणजे काम दुसऱ्याकडून करून घेतलं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर स्वतःच आरशापुढं बसून कापले असा समज होऊ शकतो. इंग्रजीतलं नुसतं ‘कटिंग’ म्हणजे झाडाची लावायला घेतलेली फांदी, किंवा कात्रण, किंवा डोंगर खोदून काढलेली वाट. विशेषण म्हणून वापरलं तर झोंबणारं बोलणं. आणि देवनागरीत ‘कट’ दिसला म्हणून तो इंग्रजीच असेल असं नाही. कट रचणे यातला कट आणि पुरणाच्या आमटीचा कट हे आपले शब्द आहेत.

वेळ असेल त्या दिवशी शब्दांची कुळं दाखवा. ‘कट’ हा शब्द जुन्या इंग्रजीत सापडत नाही, तो मध्ययुगीन इंग्रजीत दिसू लागतो. आधी कापण्याचा मुख्य शब्द होता तो आजचा ‘कार्व्ह’. ‘कट’ आल्यावर तो कोरण्यापुरता उरला. लॅटिनमध्ये कापण्याच्या एका क्रियापदातून ‘सेक्शन’, ‘इंटरसेक्शन’, ‘डिसेक्शन’, ‘इन्सेक्ट’ आले. मराठीत याच कल्पनेवर छेद, छेदबिंदू, शवविच्छेदन उभे आहेत. ‘इन्सेक्ट’ म्हणजे ज्याच्या अंगाला खाचा पडून भाग झालेत असा जीव. कापण्याच्याच दुसऱ्या लॅटिन क्रियापदातून ‘डिसाइड’, ‘कन्साइज’ आणि मारण्याच्या अर्थानं ‘-साइड’ आला. म्हणजे कपाशीवर फवारायच्या डब्यावर जो ‘इन्सेक्टिसाइड’ शब्द असतो त्यात कापणं दोनदा आहे. मुलं तो शब्द रोज पाहतात; पुढच्या वेळी डबा पाहताना त्यांना तो फोडून वाचता येईल. ‘टेलर’ही मुळात कापणाराच.

राहिला परीक्षेचा भाग. ‘गिव्ह द सिनोनिम ऑफ कट’ असं नुसतं विचारलं आणि चार पर्याय दिले तर सगळ्यात व्यापक अर्थाचा पर्याय घ्यायचा. पण शब्द वाक्यात अधोरेखित केलेला असेल तर आधी अर्थ ठरवायचा: धारेचा की कपातीचा. ‘द गव्हर्न्मेंट कट टॅक्सेस’ला ‘रिड्यूस्ड’, ‘ही कट द रोप’ला ‘सेव्हर्ड’, ‘शी कट द हेज’ला ‘ट्रिम्ड’. पर्याय जुन्या शब्दाच्या जागी ठेवून अख्खं वाक्य वाचायला लावा, कानाला खटकलं तर पर्याय चूक.

वर्गात घ्यायला ही आठ वाक्यं. फळ्यावर मराठीत लिहा आणि फक्त क्रियापद विचारा. आईनं वांग्यांना चिरा दिल्या (स्लिट). बाबांनी वाळलेली सल काढली (प्रून्ड). बायांनी कापूस वेचला (पिक्ड). मजुरांनी सोयाबीन सोंगलं, मळलं नाही (कट). वादळानं निंबाची फांदी मोडली (ब्रोक). काकांनी कडब्याची कुट्टी केली (चॉप्ड). दुकानदारानं भाव दहा रुपयांनी कमी केला (कट, पुढं ‘बाय’). पत्र्यानं माझा अंगठा कापला: इथे बहुतेक मुलं अडतील, कारण कापणारा पत्रा आहे. ‘द टिन शीट कट माय थंब’ किंवा ‘आय कट माय थंब ऑन द टिन शीट’, दोन्ही बरोबर. ‘विथ’ नको, कारण पत्रा हातात धरून कुणी मुद्दाम चालवला नव्हता, अंगठाच त्याच्यावर गेला, म्हणून ‘ऑन’.